हेडर लावल्यावर टिकटिक येतेय? पेस्ट बाजूला ठेवा, आधी फ्लॅंज सपाट आहे का बघा

एस्टीम, जुनी झेन, जिप्सी, पहिलीवाली होंडा सिटी, अशा गाड्या इंदूरात अजून बऱ्याच जणांनी जीव लावून सांभाळल्यात आणि त्यांना बाहेरून बनवलेला हेडर (इंजिनातून जळलेला गॅस बाहेर नेणारा पाईपांचा जुडगा) लावायची हौसही पुष्कळांना असते. हौस चांगलीच आहे. हेच काम करणारा कंपनीचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड काढून चार वेगळे पाईप आले की जळलेला गॅस एकमेकांच्या वाटेत येत नाही, वरच्या आरपीएमला गाडी जरा मोकळी पळते. पण त्यानंतर थोड्याच दिवसात जी तक्रार कानावर येते ती ठरलेली, सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की बॉनेटखालून टिक-टिक-टिक. मग गॅरेजवाला म्हणतो, "पॅकिंग गया भिया, नया डाल देते हैं, पेस्ट भी मार देंगे." पॅकिंग पडतं, पेस्ट लागते, काही दिवस सगळं शांत, आणि मग परत तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हेडर पॅकिंगने सील होत नाही आणि पेस्टने तर अजिबातच नाही. इंजिनाच्या हेडचं (वरच्या भागाचं) आणि फ्लॅंजचं (हेडरचे पाईप ज्या पट्टीला वेल्ड केलेले असतात तिचं), अशी दोन सपाट तोंडं सारख्या दाबाने एकमेकांवर बसली आणि गरम झाल्यावर फ्लॅंजला सरकायला जागा मिळाली की तो सील होतो. पॅकिंग फक्त उरलेला केसाएवढा फरक भरून काढतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातला मोठा भाग फ्लॅंजवरच आहे, नट कसायचं काम त्या मानाने लवकर आटपतं.

आधी लीक आहे हे नक्की करून घ्या, कारण टॅपेटचा (वाल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाजही टिकटिकच असतो आणि लोक टॅपेट सेट करत बसतात. हेडरच्या लीकचा आवाज इंजिन थंड असताना जास्त येतो, इंजिन गरम झालं की फ्लॅंज फुगून फट थोडी बंद होते आणि आवाज कमी होतो किंवा गायब होतो, टॅपेटचा तसा होत नाही. दुसरं म्हणजे लोड दिला, चढाला ॲक्सिलरेटर दाबला, की लीकचा आवाज वाढतो आणि त्यात फुस्स असा हवेचा सूर असतो. हातभर रबरी पाईप घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं टोक एकेका पोर्टजवळ, म्हणजे हेडमधून गॅस बाहेर पडतो त्या भोकाजवळ फिरवा (फॅन आणि बेल्टपासून लांब, बाह्या वर करून), जिथे फटका कानात बसेल तो पोर्ट.

इंजिन न चालवता बघायचं असेल तर सोपी पद्धत आहे. व्हॅक्युम क्लिनर किंवा ब्लोअर असेल तर त्याची फुंकायची बाजू सायलेन्सरच्या टोकात घालून भोवती कापड कोंबा, मग थंड इंजिनवर फ्लॅंजच्या कडेने साबणाचं पाणी स्प्रे करा. जिथे बुडबुडे फुगतात तिथे फट आहे. यात भाजायची भीती नाही, धुराचीही नाही. आणि धुराचं इथेच सांगून टाकतो, बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमधे किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमधे लीक असलेली गाडी चालू ठेवून शोधाशोध करू नका. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि हेडरच्या फ्लॅंजपाशी लीक असेल तर तो गॅस बॉनेटच्या मागच्या जाळीतून थेट केबिनच्या ब्लोअरमधे ओढला जाऊ शकतो. काचा बंद करून एसी लावून मुलाबाळांना घेऊन उज्जैनला जाताना ही गोष्ट लहान राहत नाही.

ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे तिथे लीक मायलेज पण खातो. एक्झॉस्टमधून गॅस सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मधे पाईपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, तेवढ्यात त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ते आणखी पेट्रोल ओततं. प्लग काळे पडतात, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि लोक सेन्सर बदलून पैसे घालवतात. कार्बोरेटरवाल्या गाडीत ही भानगड नाही, पण पाय उचलल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटायला लागले तर तिथेही फट शोधा.

आता काढायचं काम. जुने स्टड (फ्लॅंजचे नट ज्यांवर बसतात ते आटेवाले दांडे) हेडमधे वर्षानुवर्षं भाजलेले असतात, त्यामुळे आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा मारा. नट अडला तर ताकद लावू नका, थोडा सोडवा, थोडा परत कसा, तेल मारा, परत सोडवा, असं मागेपुढे करत बाहेर आणा. हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड स्टीलचा, इंजिन कोमट असताना ॲल्युमिनियम जास्त फुगलेलं असतं म्हणून स्टड सुटायला सोपा जातो. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते आणि पाना लावायला डोकंही मिळतं. हेडच्या पातळीत तुटला असेल तर घरी ड्रिल घेऊन बसू नका, बरोबर मधोमध भोक पडलं नाही तर हेडचे आटे जातात, ते काम चांगल्या माणसाकडेच द्या. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाकून घ्या, तो ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत बसतो. काही इंजिनांत एक्झॉस्टच्या स्टडची भोकं थेट कूलंटच्या पोकळीत उघडतात, स्टड काढल्यावर पाणी झिरपलं तर समजायचं की परत बसवताना आट्यांवर सीलंट लागणार.

मॅनिफोल्ड निघाला की जुनं पॅकिंग लगेच कचऱ्यात टाकू नका. उजेडात धरून नीट बघा, त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. पोर्टभोवती जिथे दाब नीट होता तिथे एकसारखं राखाडी कडं दिसतं, आणि जिथून गॅस निसटत होता तिथे पोर्टपासून बाहेरच्या कडेपर्यंत काजळीची काळी रेघ ओढलेली असते. रेघा पहिल्या आणि चौथ्या पोर्टच्या बाहेरच्या बाजूला असतील तर फ्लॅंज वाकलाय. एकाच स्टडच्या बाजूला असेल तर तो स्टड ढिला पडलाय किंवा तिथला आटा गेलाय. फोटो काढून ठेवा, पुढे उपयोग होतो.

पोर्टमधे स्वच्छ कापडाचे बोळे घालून मगच हेडचं तोंड साफ करा. प्लास्टिकची किंवा पितळी खरवड वापरा, ग्राइंडरवर चकती लावून ॲल्युमिनियमवर फिरवणं बंद करा, दोन सेकंदात खड्डा पडतो आणि ती भुकटी वाल्व्हवाटे आत गेली तर नुकसान हेडरच्या किमतीच्या कितीतरी पट. खूप जुनी गाडी असेल तर पॅकिंगमधे ॲसबेस्टॉस असू शकतो, म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारून ओलं करून खरवडा. एक गोष्ट जवळजवळ सगळेच सोडतात, स्टडच्या भोकाभोवती बोट फिरवून बघा. वर्षानुवर्षं नट कसून कसून तिथलं ॲल्युमिनियम वर ओढलं गेलेलं असतं आणि भोकाभोवती बारीक उंचवटा तयार झालेला असतो. फ्लॅंज त्या उंचवट्यावर बसतो आणि पोर्टपाशी अधांतरी राहतो. मोठ्या ड्रिल बिटने हाताने, मशीनने नाही, दोन-चार वेढे फिरवून ती कड मारून टाका.

आता मुख्य गोष्ट, हेडरचा फ्लॅंज. बाजारात जे स्वस्त हेडर मिळतात किंवा लोकल बनवून घेतात त्यात बरेचदा ५-६ मिलिमीटरची पट्टी वापरलेली असते. फ्लॅंजच्या एका बाजूला चार पाईप वेल्ड केले की वेल्डिंग थंड होताना आकसतं, आणि सगळं वेल्डिंग पाईपच्या बाजूलाच असल्यामुळे पट्टीची दोन्ही टोकं पाईपकडे ओढली जातात. म्हणजे हेडवर ठेवलं की मधला भाग टेकतो आणि पहिल्या-चौथ्या पोर्टशी फट राहते. यात बनवणाऱ्याची चूक असतेच असं नाही, धातूचा स्वभावच तो आहे, पण वेल्डिंगनंतर तोंड प्लेन करून द्यायला पाहिजे आणि तेच कोणी करत नाही. बनवून घेताय तर आधीच सांगा की फ्लॅंज १० मिलिमीटरचा पाहिजे, वेल्डिंग करताना जाड प्लेटवर बोल्टने आवळून करा आणि शेवटी फेसिंग करून, म्हणजे तोंड मशीनवर सपाट करून द्या. थोडे जास्त पैसे मागितले तर देऊन टाका.

तपासायला एक सरळ पट्टी लागते, म्हणजे फिटरकडे असते ती स्टीलची घासलेली स्ट्रेट एज, शाळेची फूटपट्टी नाही. फ्लॅंजचं तोंड वर करून लांबीत, कर्णात आणि प्रत्येक दोन पोर्टच्या मधे पट्टी उभी धरा आणि खालून फिलर गेजचं पान घालून बघा. ०.१० मिलिमीटरचं पान कुठेच जात नसेल तर उत्तम, बसवा. ०.१५ ते ०.२० जात असेल तर चांगलं जाड ग्रॅफाइट पॅकिंग कदाचित सांभाळून घेईल पण मी तरी तसं बसवत नाही. त्याच्या वर गेलं तर फेसिंगला पर्याय नाही. आणि नट जोरात कसून वाकलेला फ्लॅंज सरळ होईल अशी आशा ठेवू नका, थंड असताना होईलही, पण गरम झाला की तो आपल्या जागी परत जातो आणि सगळा ताण टोकाच्या स्टडवर येतो. टोकाचे स्टड का तुटतात याचं एक मोठं कारण हेच.

फेसिंग कुठे करायचं? सांवेर रोडच्या किंवा पोलोग्राउंडच्या इंडस्ट्रियल एरियात मिलिंग मशीनवाली वर्कशॉप्स आहेत, तिथे घेऊन जा. बहुतेक खरादवाले (लेथवाले) पाईपांचा गुंता बघून आधी नाहीच म्हणतात, कारण काम मशीनच्या टेबलावर पकडायला अवघड असतं. त्यांना नीट सांगा की फ्लॅंज पकडताना जोर लावून सरळ करायचा नाही, आहे तसा पकडायचा आणि फक्त वरचं तोंड घ्यायचं. जोर लावून पकडला तर मशीनवर सपाट दिसेल आणि सोडला की परत वाकडा. "उतना ही लेना भिया जितने में पूरा फेस साफ दिखे" एवढं म्हटलं तरी जाणकार माणूस समजतो. पोर्टच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचे थेंब आलेले असतात, ते तिथेच घासून घ्या.

मशीनपर्यंत जायचं नसेल आणि फरक थोडाच असेल, तर घरी होणारी पद्धत म्हणजे काच. १० मिलिमीटरची जाड काच सपाट टेबलावर ठेवायची, त्यावर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवायचा आणि फ्लॅंजच्या तोंडावर मार्करने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायची. मग दोन्ही हातांनी हेडर धरून आठच्या आकारात फिरवायचा, दाब सगळीकडे सारखा. थोड्या वेळाने उलटा करून बघा, जिथली शाई गेली तो भाग उंच, जिथली शाई तशीच आहे तो खोल. पहिल्या वेळेला मधल्या दोन पोर्टभोवतीचीच शाई गेलेली दिसेल आणि टोकांना जाळी जशीच्या तशी. परत जाळी काढा, परत घासा. शाई हळूहळू टोकांकडे पुसली जायला लागते आणि शेवटी चारही पोर्टभोवती चकचकीत अखंड कडं दिसतं, एकही रेघ न तुटता, तेव्हा थांबा. शेवटचे हात १२० नंबरच्या पेपरवर मारा. हात भरून येतात, पेपर बरेच लागतात, पण या कड्याकडे बघूनच कळतं की आता हे लीक होणार नाही.

फ्लॅंजच्या तोंडावर रंग ठेवू नका. बरेच हेडर काळा रंग मारून येतात आणि रंग तोंडावरही असतो. तो गरम होऊन जळतो, त्याची जाडी नाहीशी होते आणि तेवढा नट ढिला पडतो. सिरॅमिक कोटिंग करून घेणार असाल तरी तोंड झाकून घ्यायला सांगा.

यानंतरची गोष्ट भोकांची आहे आणि ही समजून घेण्यासारखी आहे. फ्लॅंज हेडपेक्षा खूप जास्त तापतो, हेडमधे पाणी फिरतं. समजा पहिल्या स्टडपासून शेवटच्या स्टडपर्यंत ३५० मिलिमीटर अंतर आहे, फ्लॅंज ३० अंशांवरून ३३० वर गेला आणि हेड १०० वर. साधं स्टील दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे फ्लॅंज जवळजवळ १.२५ मिलिमीटर लांब झाला. ॲल्युमिनियम २३ मायक्रॉन वाढतं पण ते फक्त ७० अंश तापलंय, म्हणून हेड साधारण ०.५५ वाढलं. फरक ०.७ मिलिमीटरचा. फ्लॅंज ३०४ स्टेनलेसचा असेल तर तो १७ मायक्रॉनने वाढतो आणि हाच फरक १.२ च्या वर जातो. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की फ्लॅंजची दोन टोकं हेडवर अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर सरकतात आणि थंड झाली की परत आत येतात. स्टड ८ मिलिमीटरचा आणि भोकही घट्ट ८.२ चं असेल तर सरकायला जागा कुठाय? मग स्टड वाकतो, नाहीतर फ्लॅंज कमानीसारखा उचलला जातो. म्हणून मधली भोकं ९ मिलिमीटरची आणि टोकाची दोन-दोन भोकं लांबीच्या दिशेने कानशीने १० पर्यंत लांबट करून घ्या. वर जाड वॉशर टाकला की लांबट भोक झाकलं जातं. काही जण दुसऱ्या आणि तिसऱ्या पोर्टच्या मधे फ्लॅंज सरळ कापून दोन तुकडे करतात, जाड फ्लॅंजला हा उपाय मला एकदम पटतो, फक्त फेसिंग झाल्यावर कापा, आधी नाही, नाहीतर दोन तुकडे दोन पातळ्यांवर जातील.

पॅकिंग कोणतं घ्यायचं? तुमच्या इंजिनला कंपनीचं मल्टिलेयर स्टीलचं पॅकिंग मिळत असेल आणि दोन्ही तोंडं खरंच सपाट असतील तर तेच घ्या, ते अनेक वर्षं टिकतं. तोंडात थोडाफार फरक असेल तर मधे स्टीलचा पत्रा असलेलं ग्रॅफाइट, ते दबून फरक भरून काढतं, पण एकदा दाबलेलं परत वापरायचं नाही. तांब्याचं पॅकिंग बनवून घेणारेही आहेत, चांगलं असतं, फक्त लावायच्या आधी लालसर तापवून पाण्यात बुडवून मऊ करून घ्यावं लागतं (तांबं पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, लोखंडासारखं नाही ते). सियागंजमधून साधी जॉइंटिंग शीट आणून कात्रीने कापलेलं पॅकिंग मात्र एक्झॉस्टला लावू नका, ते पाण्याच्या आणि तेलाच्या कामाचं आहे, इथे जळून पोर्टच्या कडेपासून झडत जातं. कोणतंही पॅकिंग घ्या, आधी हेडरवर ठेवून भोकं जुळवून बघा, पॅकिंगची कड पोर्टच्या आत डोकावता कामा नये, जो भाग आत येतो तो आधी जळतो आणि तिथूनच काळी रेघ सुरू होते. हेडरचं तोंड पण हेडच्या पोर्टपेक्षा किंचित मोठं चालेल, लहान नको.

आता पेस्ट. लाल आरटीव्ही सिलिकॉन साधारण ३४० अंशांपर्यंत आणि तांबूस रंगाचा कॉपर आरटीव्ही ३७० पर्यंत, तेही थोड्या वेळापुरतं, असं त्यांच्या ट्यूबवरच लिहिलेलं असतं. पेट्रोल इंजिनचा एक्झॉस्ट गॅस फुल लोडला ८०० अंशांच्या वर जातो. फ्लॅंज तेवढा तापत नाही कारण हेड थंड ठेवतं, म्हणून जाड सपाट फ्लॅंजवर काही जण पॅकिंगशिवाय नुसत्या कॉपर आरटीव्हीवर गाडी चालवतात आणि ती चालते पण. पण लक्षात घ्या, तिथेही काम सपाट फ्लॅंजच करतोय. लावायचाच असेल तर पातळ थर लावा, जाड लावलात की कसताना आत पोर्टमधे लोंबतो, आणि पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ, बहुतेक २४ तास, सुकू द्या, लगेच स्टार्ट मारू नका. ऑक्सिजन सेन्सर असेल तर सेन्सर-सेफ लिहिलेलाच घ्या, साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सर खराब करते. स्टीलच्या मल्टिलेयर पॅकिंगवर कोणतीही पेस्ट लावायची नाही, त्याच्या नक्षीलाच दाब लागतो. शेलॅक जळून जातो. एपॉक्सीचा लगदा तर बघायलाच नको. सायलेन्सरची ती सिमेंटसारखी पांढरट पेस्ट पाईपात पाईप घुसतो त्या जोडाला ठीक आहे, फ्लॅंजवर ती तडकून पडते.

नट-बोल्टमधे कंजुषी नको. स्टड नवे टाका, आठ-दहा स्टडचे पैसे फार होत नाहीत. नायलॉक नट इथे चालत नाही, त्यातलं नायलॉन वितळतं. स्प्रिंग वॉशर पण नको, उष्णतेने त्याची स्प्रिंगच मरते आणि मग तो नुसता तुटका वॉशर राहतो. तांब्याचा मुलामा दिलेले लॉक नट येतात ते घ्या, ते पुढच्या वेळी सुटतातही. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा चढवू नका, आटे एकमेकांत चिकटून बसतात आणि मग कापावाच लागतो. आट्यांवर निकेलवालं अँटिसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) किंचित लावा.

बसवताना क्रम असा. पॅकिंग स्टडवर अडकवा, हेडर चढवा, सगळे नट हाताने लावा आणि मागचा पाईपही सैलसर जोडून ठेवा, म्हणजे कुठलाच भाग ओढला जात नाहीये हे दिसेल. हेडर स्टडवर अलगद सरकायला पाहिजे, दोन माणसांनी ओढून धरून तिसऱ्याने नट लावावा लागत असेल तर मागचा पाईप चुकीच्या मापाचा आहे, तो आधी कापून नीट करा. मग फ्लॅंजचे नट मधल्यापासून सुरू करून आलटून पालटून बाहेरच्या टोकांकडे, म्हणजे पॅकिंग मधून बाहेर पसरत सपाट बसतं. एकदम पूर्ण कसायचं नाही, आधी निम्म्या टॉर्कवर सगळे, मग पाऊण, मग पूर्ण. एम-८ च्या स्टडला ॲल्युमिनियमच्या हेडमधे साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतो, तुमच्या इंजिनचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधे बघा आणि तोच धरा, आणि अँटिसीझ लावलं असेल तर त्यातून पाचवा हिस्सा कमी करा कारण आटे निसरडे झाले की तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

टॉर्क रेंच सगळीकडे पोचत नाही हे खरंय, हेडरचे पाईप नटाच्या अगदी डोक्यावर असतात आणि गोटी (सॉकेट) बसतच नाही. तिथे १२ नंबरचा छोटा रिंग पाना घ्या. पान्याची लांबी १५ सेंटिमीटर असेल आणि टोकाला १५ किलोचा जोर लावला तर तो साधारण २२ न्यूटन-मीटर होतो. हा जोर हाताला कळावा म्हणून घरच्या वजनकाट्यावर तळहाताने १५ किलो दाबून बघा, दोन-चार वेळा केलं की हात ओळखायला लागतो. लांब पान्याने आणि पाईप अडकवून कसू नका, आटे गेले तर हेड उतरवायची वेळ येते. फ्लॅंज पूर्ण कसून झाल्यावरच मागचा जोड आवळा. आणि त्या मागच्या पाईपात फ्लेक्स पाईप आहे ना हे बघा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, सायलेन्सर बॉडीला लटकलेला असतो, मधे लवचिक तुकडा नसेल तर प्रत्येक गिअर बदलताना फ्लॅंजच ओढला जातो. हेडर हलत असेल तर कलेक्टरपाशी (चारही पाईप एकत्र येतात तिथे) गिअरबॉक्सला धरून छोटा ब्रॅकेट द्या.

स्टार्ट करा, आयडलवर पूर्ण गरम होऊ द्या, पहिल्यांदा तेलाचा, अँटिसीझचा धूर निघेल, त्याची काळजी नको. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, घाई नाही, रात्रभर ठेवलं तरी चांगलं. थंड झाल्यावर त्याच क्रमाने परत कसा. पॅकिंग पहिल्या गरमाईत दबतं म्हणून सगळे नट थोडे फिरतात, हे काम राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया. दोन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर परत एकदा, आणि मग एखादा चांगला चढ, मंडलेश्वरहून जाम गेटकडे वर येताना किंवा सिमरोलचा घाट, असा लोड देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर शेवटचं. स्टीलच्या मल्टिलेयर पॅकिंगला एवढ्या वेळा लागत नाही पण बघायला काय जातं. गरम इंजिनवर मात्र कधीच कसायचं नाही. शेवटच्या वेळी साबणाच्या पाण्याची टेस्ट परत करा.

हेडरवर कापडी रॅप गुंडाळायचा असेल तर फ्लॅंजचा लीक पूर्ण थांबलाय याची खात्री झाल्यावरच, रॅपखाली काजळी दिसत नाही. साध्या स्टीलच्या हेडरला मी रॅप लावायला सांगणार नाही, आपल्याकडच्या पावसात ते कापड पाणी धरून ठेवतं आणि पाईप कापडाखाली गंजून जातात. ऑक्सिजन सेन्सरचा बंग (सेन्सर बसवायची आटेवाली रिंग) वेल्ड करून घेताना आटे एम-१८ गुणिले १.५ चे असतात, वेल्डिंगनंतर त्यात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या, नाहीतर तिथून नवा लीक.

बीएस-६ च्या गाड्यांना हे सगळं करायला जाऊ नका. त्यात बऱ्याच इंजिनांचा मॅनिफोल्ड हेडमधेच ओतलेला असतो किंवा कॅटलिटिक कन्व्हर्टर अगदी त्याला चिकटून असतो, हेडरसाठी जागाच नाही. जुन्या गाडीतही कॅट काढू नका, पीयूसीला अडकाल आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करण्यावर बंधनं आहेतच, आवाज वाढला तर चलन वेगळं. जुना मॅनिफोल्ड, त्याचे नट आणि हीट शील्ड तेलाचा हात लावून कापडात बांधून ठेवा, भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी तो लागतो आणि जुन्या एस्टीमचा चांगला, न तडकलेला मॅनिफोल्ड आता शोधूनही पटकन मिळत नाही.